जमिनीवरून पुन्हा समुद्राकडे

बेळगुंदीला समुद्र नाही. आपल्या भागातला काळा दगड लाव्ह्याचा. त्यात देवमाशाची हाडे सापडायची नाहीत. मग वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला या विषयाशी काय कर्तव्य, असे मित्र विचारतात.

सील, समुद्रगाय आणि देवमासा हे तिन्ही सस्तन प्राणी. तिघांचेही पूर्वज जमिनीवर चालत. पण घराणी वेगळी. सील अस्वल-पाणमांजरांच्या गोतातला, समुद्रगाय हत्तीच्या, तर देवमासा पाणघोड्याच्या. कॅनडात २००७ साली सापडलेल्या 'पुइजिला' या सीलच्या प्राचीन नातलगाला वल्ह्यांऐवजी चक्क पाय होते.

देवमाशाचा मोठा पुरावा मात्र भारतातला. जम्मू भागातील कालाकोट येथे भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी दगड गोळा केले. त्यांतील दात व जबड्याच्या तुकड्यांवरून १९७१ साली त्यांनी 'इंडोह्यस' हे नाव दिले. बाकीचे दगड न फोडता घरीच राहिले. त्यांच्या निधनानंतर पत्नीने ते अमेरिकेतील संशोधक हान्स थेविसन यांच्या स्वाधीन केले. साफ करताना एक कवटी चुकून तुटली आणि आत देवमाशासारखे जाड कानाचे हाड दिसले! मांजराएवढा, खुरांचा हा प्राणी सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. पायांची हाडे जड, म्हणजे उथळ पाण्यात तळाशी पाय टेकून चालणारा. २००७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. सुनील बाजपेयी व बी. एन. तिवारी हे भारतीय शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते.

आपण काय जपले होते, हे रंगा रावांना कळलेच नाही. ते दगड कुणी रद्दी समजून फेकले असते तर? वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मी एवढेच शिकलो: शिल्लक माल तपासल्याशिवाय त्याची किंमत शून्य मांडू नये.