वेळापूरच्या उतारावरून कळस दिसतो का?

प्रश्न : आषाढी वारीत वेळापूरला धावा का होतो? तिथून विठोबाचा कळस खरेच दिसतो का? की नुसती आख्यायिका?

उत्तर : आख्यायिका तुम्हाला ठाऊकच असेल. माळशिरसहून येताना वेळापूरच्या अलीकडच्या चढावर तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले. त्याची आठवण म्हणून माउलींच्या सोहळ्यातले वारकरी तिथल्या उतारावरून पळतात.

आता कळसाचे. वेळापूर ते पंढरपूर हे अंतर सरळ रेषेत तीस किलोमीटरच्या आसपास आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे एवढ्या अंतरावरची जमीन आपल्या क्षितिजसमांतर नजरेच्या रेषेपेक्षा सुमारे सत्तर मीटर खाली जाते. चढाची उंची आणि कळसाची उंची मिळून ही तूट भरून निघाली, मध्ये झाड, टेकाड, इमारत काही आले नाही, तरी तीस मीटरचे शिखर तिथून कितीसे दिसणार? हात लांब करून धरलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याएवढे! त्यात आषाढातले ढगाळ, दमट आकाश. थोडक्यात, शास्त्र फारसे अनुकूल नाही. धावणाऱ्यांपैकी कुणी दुर्बीण घेऊन आलेला नसतो, हेही खरे.

मला मात्र वाटते, वेळापूरची खरी नवलाई उतारावर नाही, गावात आहे. अर्धनारी नटेश्वराचे यादवकालीन मंदिर तिथे आहे. समोर पायऱ्यांचे कुंड, आवारात वीरगळ आणि सुट्या मूर्ती. नाव अर्धनारीचे, पण गाभाऱ्यात अर्धा देह शिवाचा आणि अर्धा पार्वतीचा अशी मूर्ती नाही. दोघे शेजारीशेजारी उभे आहेत. इथल्या शिलालेखांपैकी एक शके 1222 चा, म्हणजे इ. स. 1300 चा. लेखातला राजा रामचंद्रदेव यादव. त्याचा अधिकारी ब्रह्मदेवराणा. लेखाची भाषा मराठी.

तारखा शेजारी मांडून पाहा. ज्ञानेश्वरी 1290 ची, आणि तिच्या शेवटी याच रामचंद्राचा उल्लेख येतो. माउलींची समाधी 1296 ची. त्याच वर्षी अलाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी इथे लेख कोरला जातो आहे, म्हणजे राजधानी हादरली तरी गावगाड्यातला देवळांचा कारभार थांबलेला नव्हता. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात यादवांचा शेवट एका वाक्यात उरकलेला असतो. वेळापूरचा दगड तो इतका सरळ नव्हता असे सांगतो. माउलींच्या पादुका दरवर्षी मुक्कामाला येतात त्या गावात माउलींच्याच पिढीचे मराठी दगडावर शिल्लक आहे, हे मुक्कामाला उतरणाऱ्या किती दिंड्यांना माहीत असेल, कोण जाणे.

लेखांचे वाचन हवे असेल तर शं. गो. तुळपुळे यांचे ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (1963) ग्रंथालयात मिळवा. प्रत्यक्ष पाहायला मात्र वारीत जाऊ नका, गर्दीत काहीच दिसायचे नाही. माघ-फाल्गुनात जा. उजेड तिरपा पडला की झिजलेली अक्षरे उठून दिसतात, भर दुपारी ती दगडात विरून जातात. अक्षरांवर खडू किंवा पीठ मात्र फासू नका.