अन्ननलिकेचा कर्करोग : तीन उपचारांची सांगड

घास गिळताना अडू लागला, की पुष्कळ घरांत तो दोष पित्तावर ढकलला जातो. भाकरी उतरत नाही म्हणून भात, भात उतरत नाही म्हणून पेज, असे करता करता महिने जातात व रोग बळावतो. म्हणून या रोगावरील आजच्या उपचारांची ओळख सभासद बंधुभगिनींस करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

उपचार तीन आहेत. किरणोपचार गाठीच्या जागीच काम करतो. रसायनोपचाराची औषधे रक्तावाटे सर्वत्र पोचतात, शिवाय कर्कपेशींना किरणांपुढे दुबळे करतात. तिसरा प्रतिकारोपचार. आपल्या रक्षक पेशींवर पीडी-१ नावाचा लगाम असतो. कर्कपेशी तो खेचून धरतात व रक्षक स्वस्थ राहतात. जपानचे तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये हा लगाम उजेडात आणला. २०१८ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. निव्होलुमॅब व पेंब्रोलिझुमॅब ही औषधे तो लगाम सैल करतात.

रोग आसपासच पसरला असेल, तर काय करावे? हॉलंडमधील २०१२ च्या क्रॉस चाचणीत पाच आठवडे किरण व औषधे देऊन मग शस्त्रक्रिया केली, तेव्हा मध्यम आयुर्मान २४ महिन्यांवरून ४९ वर गेले. असे करूनही काढलेल्या भागात रोग शिल्लक दिसला, तर वर्षभर निव्होलुमॅब देतात. रोग न उलटण्याचा मध्यम काळ ११ वरून २२ महिने झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र सर्वांस एकच माप लागू नाही. जठराजवळील ग्रंथिज प्रकारात किरणांवाचून, शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर दिलेली औषधे सरस ठरल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

रोग दूरच्या अवयवांत गेला असल्यास रसायनोपचारास पेंब्रोलिझुमॅबची जोड देतात. २०२१ च्या अहवालात मध्यम आयुर्मान ९.८ वरून १२.४ महिने झाले. लाभ बेताचाच, हे घरच्यांनी जाणून असावे. येथे किरणांचा उपयोग मुख्यतः घास सुलभ व्हावा यासाठी.

लगाम सुटलेले रक्षक कधी फुप्फुस, आतडे वा थायरॉइडवरही उलटतात. दम लागणे, जुलाब होणे हे डॉक्टरांस त्याच दिवशी कळवावे.

तंबाखू व मद्य वर्ज्य करावे, कढत चहा निववून घ्यावा. आणि घास अडू लागल्यास पथ्यात दिवस न दवडता दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी, एवढीच आमची विनंती.