मेंदूतील वीज आणि डॉक्टर कोटणीस

श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला रात्रभर माणसे पायी येत असतात. अशाच एका पहाटे वाटेवर एक तरुण एकाएकी कोसळला. हातपाय ताठ झाले, मग झटके येऊ लागले. कोणी कांदा फोडून आणला, कोणी चप्पल नाकाशी धरली, एकजण दातांत चमचा घालू लागला. दोन-तीन मिनिटांत झटके थांबले आणि 'कांद्याने गुण आला' असे सर्वांचे मत पडले. माझ्यासोबतच्या विद्यार्थ्यांनी विचारले, "सर, कांद्याने खरंच फिट थांबते का?"

उत्तर देण्यापूर्वी एका मराठी माणसाची आठवण सांगतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. नागपूरचे डॉ. चोळकरही त्या पथकात होते. जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करणे हे त्यांचे काम. कोटणीस चिनी भाषा शिकले, तेथेच विवाह केला आणि १९४१ मध्ये बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. परंतु परमुलखात राबणाऱ्या या डॉक्टरलाच अपस्माराने गाठले. शत्रूने वेढलेला प्रदेश, औषधांचा तुटवडा, अहोरात्र काम. ९ डिसेंबर १९४२ रोजी हबेई प्रांतातील एका खेड्यात झटके येऊन त्यांचा अंत झाला. वय अवघे ३२. मुलगा चार महिन्यांचाही झाला नव्हता.

अपस्मार, म्हणजेच फेफरे किंवा मिरगी, हा काय प्रकार आहे? येथे पदार्थविज्ञान आपल्या मदतीला येते.

मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. पेशीच्या आवरणाच्या आतल्या व बाहेरच्या बाजूंत सोडियम, पोटॅशियम इत्यादींचे विद्युतभारित कण असमान वाटलेले असतात. त्यामुळे आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टनी ऋण असते. हा विभवांतर क्षुल्लक वाटतो ना? पण आवरणाची जाडी धरा ७ नॅनोमीटर. भागाकार करून पहा: विद्युतक्षेत्राची तीव्रता मीटरला १ कोटी व्होल्ट येते! हवेत ठिणगी पडायला मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट पुरतात.

पेशी चेतवली गेली की आवरणातील दारे उघडतात, सोडियमचे कण आत घुसतात आणि सुमारे एक सहस्रांश सेकंदात हा विभवांतर उलटून पुन्हा पूर्ववत होतो. हाच पेशीचा संदेश. एरवी असंख्य पेशी आपापल्या वेळेला संदेश देतात, जशी मधल्या सुट्टीत वर्गातली मुले आपापले बोलत असतात. तीच मुले एका ठेक्यात टाळ्या वाजवू लागली तर? कोणाचेच बोलणे कोणाला ऐकू येणार नाही. फिट येते तेव्हा मेंदूतील पुष्कळ पेशी अशाच एकाच वेळी चेतवल्या जातात. म्हणून शुद्ध हरपते, स्नायू झटके देतात.

ही वीज डोक्यावर पट्ट्या लावून मोजता येते. जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूचा असा आलेख प्रथम १९२४ मध्ये घेतला व १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. डोक्याच्या त्वचेवर मिळणारा विभवांतर साधारण ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या १.५ व्होल्टच्या सेलच्या तीस हजारांश! फेनिटॉइन हे औषध झटके रोखते, हे अमेरिकेत मेरिट व पुटनाम यांनी १९३८ मध्ये दाखवले. कोटणीस बोटीत बसले तेच हे वर्ष! ज्ञान जन्मले, पण ते गरजवंतापर्यंत पोहोचणे ही निराळीच गोष्ट असते.

आता कांद्याकडे वळू. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. तेवढ्यात कांदा आणला, की श्रेय कांद्याला! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. चमचा तर घातकच. दात तुटतो, श्वास अडतो.

मग काय करावे? घड्याळ पहावे. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, गळ्याजवळची बटणे सोडावीत. रुग्णाला दाबून धरू नये, तोंडात काहीही घालू नये, पाणी पाजू नये. झटके ओसरताच कुशीवर वळवावे. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, लागोपाठ आले किंवा पहिल्यांदाच आले असतील, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे. योग्य औषधे नियमित घेतल्यास शेकडा ७० जणांचे झटके थांबू शकतात. तो संसर्गजन्य नाही आणि बाहेरची बाधाही नाही. असा मुलगा तुमच्या वर्गात असेल, तर त्याला चिडवू नका, त्याच्या बाकावर बसा. मोठे होऊन तो काय करील, हे सोलापूरच्या त्या डॉक्टरने आपल्याला दाखवून ठेवले आहे.

सोडवून पहा : चेतवलेल्या पेशीचा विभवांतर –७० पासून +३० मिलिव्होल्टपर्यंत गेला, तर एकूण बदल किती? १.५ व्होल्टचा सेल त्याच्या किती पट?