आधी सा ऐका

नागपूरच्या शाळांमध्ये समूहगानाच्या निवडीला पेटी वाजवायला मी गेली बरीच वर्षं जाते. संगीत शिक्षक यादी घेऊन खुर्चीवर, मुलं भिंतीला लागून रांगेत आणि मी पेटीमागे. निवड माझ्या हातात नसते. पण मुलाने तोंड उघडायच्या आधीच अंदाज आलेला असतो. मी सा धरला की काही मुलं क्षणभर थांबून ऐकतात. काही मात्र तो कानात पडायच्या आतच गाणं सुरू करतात. ही दुसरी मुलं कितीही गोड गळ्याची असोत, सरांची पेन्सिल त्यांच्या नावापाशी अडखळते.

विदर्भात उन्हामुळे शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, आणि उघडल्या की सगळ्याची एकदम घाई होते. पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम, महापालिकेची देशभक्तिपर समूहगान स्पर्धा आणि भारत विकास परिषदेची राष्ट्रीय समूहगान स्पर्धा. ही शेवटची १९६७ पासून चालू आहे. तिची हिंदी आणि संस्कृत गाणी परिषदेच्याच ‘चेतना के स्वर’ या पुस्तकातून निवडायची असतात. या सगळ्या घाईत निवड एखाद्या तासिकेत उरकली जाते. मुलाच्या वाट्याला एक मुखडा आणि जमलं तर एक अंतरा, एवढंच येतं. तेवढ्यात काय बघितलं जातं, हे घरी कुणी सांगितलेलं नसतं.

२०२३ मध्ये राज्यगीत झाल्यापासून निवडीला ‘जय जय महाराष्ट्र माझा’ फार येतं. राजा बढे मूळचे नागपूरचे, तेव्हा आम्हाला त्याचं कौतुक अंमळ जास्तच. अडचण वेगळीच आहे. मुलं ते मोबाइलवर शाहीर साबळ्यांच्या आवाजात ऐकून बसवतात आणि तीच पट्टी आपली समजतात. सातवीतल्या मुलीला ती कशी जुळावी? मग ती कुठूनतरी सुरू करते, मुखडा दणक्यात जातो, अंतऱ्याला मानेच्या शिरा ताणल्या जातात आणि शेवटच्या ओळीला आवाज चिरकतो. मुलगी घाबरली असं सगळे म्हणतात. घाबरलेली नसते, चढ्या पट्टीत अडकलेली असते.

म्हणून घरी आधी अंतरा म्हणून पाहा, मुखडा नंतर. अंतऱ्यातला सगळ्यात वरचा सूर न ओरडता लागला आणि मुखड्यातला सगळ्यात खालचा सूर ऐकू आला, की ती आपली पट्टी. घरात पेटी नसेल तर मोबाइलवरचा तानपुरा पुरतो. या वयाची बरीच मुलं पांढरी पाच किंवा काळी चारच्या आसपास बसतात, पण आपली आपण तपासावी. आणि निवडीच्या दिवशी पेटीवाल्याला ती सांगावी. मागे एक बारकीशी मुलगी माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, “मॅडम, काळी चार द्या, अन् थोडं थांबा.” मी सा धरून राहिले, तिने तो ओठ मिटून गुणगुणून घेतला, मग गायली. आवाज बेताचाच होता. सरांनी दुसरी ओळ ऐकलीसुद्धा नाही, नाव लिहून मोकळे झाले.

आता पालकांच्या तक्रारीकडे येते, कारण ती मला दरवर्षी फाटकापाशी गाठते. “ताई, माझी मुलगी प्रवेशिका पूर्ण झाली, फर्स्ट क्लास आहे, आणि तिला घेतलं नाही?” त्यांचा राग मला कळतो. पण गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेत एकट्याने गायचं असतं, आणि तिथे जी मुरकी कौतुकाची ठरते तीच समूहात खुपते. सगळ्यांनी ओळ एका ठिकाणी सोडायची असते. एकीने तिथे खटका घेतला की बाकीच्या चुकल्यासारख्या वाटतात. एका शाळेने असंच सगळ्यात दमदार गळे निवडून संघ बांधला होता. तालमीच्या खोलीत तो छान वाटला. रंगमंचावर दोघींचे आवाज माइकने उचलले आणि उरलेल्या नुसत्या ओठ हलवताना दिसल्या. परीक्षकांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही, निकाल सगळ्यांना माहीत झाला.

तेव्हापासून बरेच शिक्षक तिघातिघांना एकत्र उभं करून तीच ओळ म्हणायला लावतात. खरी निवड तिथेच होते. शेजारणीचा आवाज ऐकू येईल इतपतच आपला आवाज ठेवायचा. तिने श्वास घेतला तिथे आपण न घेता ओळ चालू ठेवायची, म्हणजे मध्ये खंड पडत नाही. सरांनी हात मिटला की त्याच क्षणी थांबायचं. घरी याचा सराव करायला बहीण, मैत्रीण, आजी, कुणीही चालतं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणत फिरलेल्या मुली इथे सहज पुढे जातात. त्या गाण्यांत मुख्य गायिका नसतेच, सगळ्यांनी मिळून ओढायचं आणि शेवटी खिरापत ओळखायची. क्लासच्या फीमध्ये हे मिळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

उच्चारांचंही सांगून ठेवते. आपल्याकडच्या वऱ्हाडी बोलीत ‘पाणी’चं ‘पानी’ आणि ‘केळं’चं ‘केयं’ होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लोकगीताच्या फेरीत तोच उच्चार सोन्यासारखा असतो, आणि शहरी मुलांना तो काही केल्या जमत नाही. संस्कृत गाण्यात मात्र ण, ष आणि विसर्ग स्वच्छ हवेत. गाणं म्हणण्याआधी चार दिवस ते नुसतं वाचावं, मोठ्याने, तालाशिवाय.

मुलग्यांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. आठवी-नववीत कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. एका वर्षी एका शाळेत मागच्या खेपेचा हुकमी मुलगा उभा राहिला. पट्टी जुनीच मागितली. वरच्या सा ला आवाज फाटला, रांगेत खसखस पिकली. मी पेटी काळी एकवर आणली, तर तिथेही त्याला पाच-सहा सूरच सापडेनात. नवा आवाज अजून बसलाच नव्हता. त्याला वर्षभर ढोलकीवर बसवता आलं असतं. शाळेला बक्षीस हवं होतं, त्याला जुन्याच पट्टीत रोज ताणायला लावलं. घरून ज्येष्ठमध, खडीसाखर, वाफारा, सगळं झालं. वाढीवर त्याचा काय उपाय? दिवाळीपर्यंत त्याला साधं बोलतानाही घसा खरवडल्यासारखा व्हायचा. मुलाचा आवाज फुटत असेल तर पालकांनी स्वतः जाऊन शिक्षकांना सांगावं, खालच्या पट्टीत थोडंच गाऊ द्यावं, आणि घोगरेपणा तीन-चार आठवड्यांत उतरला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

आणि निवडीच्या सकाळी तर्री-पोहे नकोत. कस्तुरचंद पार्कवरचे तर नकोतच. मलाही आवडतात, पण ती तर्री घशाला तासभर सोडत नाही. कोमट पाणी, साधं काहीतरी खाणं, आणि शाळेत येताना रिक्षात आरडाओरडा नाही.

नाव आलं नाही तर फळ्यापुढे रडत उभं राहू नये, राखीव यादी असते का ते विचारावं. बहुतेक शाळा एक-दोन मुलं जास्तीची ठेवतात, पण ती तालमीला येत नाहीत म्हणून शिक्षक त्यांना विसरून जातात. पावसाळ्यात कुणाला ना कुणाला ताप येतोच, आणि तो हमखास स्पर्धेच्या आठवड्यात येतो. त्या वेळी सर कुणाचा वरचा आवाज आठवत बसत नाहीत. रोज मागच्या बाकावर बसून सगळी गाणी पाठ केलेलं पोर कोण, एवढंच विचारतात, आणि मी पेटीमागून नाव सांगते.