कालव्याच्या शेवटचा शेतकरी : सर विश्वेश्वरय्यांचे एक स्मरण

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यावरचा लेख आपल्या अंकाच्या मराठी विभागात द्यावा की कन्नड, असा प्रश्न मला पडला होता. जन्म मुद्देनहळ्ळीचा, बी.ए. १८८१ साली बंगळूरला. पण अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजात आणि १८८४ पासून नोकरी मुंबई इलाख्यात. ज्या निंबर्ग्यात एकाच पारावर दोन्ही भाषा चालतात, तेथील मनुष्याने हा वाद घालूच नये!

शास्त्रज्ञ या शब्दाचा काटेकोर अर्थ घेतला तर ते त्यात बसत नाहीत. ते अभियंते. परंतु मोजल्यावाचून बोलायचे नाही, ही शास्त्रज्ञाची शिस्त त्यांनी राज्यकारभारात नेली.

खडकवासल्याच्या तलावावर १९०३ मध्ये बसविलेल्या त्यांच्या स्वयंचलित दरवाजांची गोष्ट पाठ्यपुस्तकांत येते. पाणी ठराविक पातळीवर चढले की ते आपोआप उघडत. मला मात्र त्यांची ब्लॉक पद्धत अधिक मोलाची वाटते. दख्खनच्या कालव्यांवर तेव्हा एक अडचण होती. मुखाजवळचा बागाईतदार उसाला भरमसाट पाणी घेई, जमीन चिबड होई, आणि शेवटच्या शेतकऱ्याचे शेत कोरडे राही. विश्वेश्वरय्यांनी जमिनीचे गट पाडले. गटाच्या काही भागातच ऊस, उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके, आणि पुढे पिकांची फेरपालट. त्यामुळे तेच पाणी अधिक गावांना पुरे. पावसाच्या भरवशावर तूर-ज्वारी पेरणाऱ्या आपल्या भागाला याची किंमत निराळी सांगायला नको.

१९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले. आपला गुलबर्गा जिल्हा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. निजाम सरकारने त्यांना बोलाविले. शहराच्या वर तलाव बांधून पूर अडवावा, अशी त्यांची योजना होती. उस्मानसागर व हिमायतसागर हे तिचेच फळ.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. कन्नंबाडीचे धरण, १९१३ ची म्हैसूर बँक, १९१५ ची कन्नड साहित्य परिषद, १९१६ चे म्हैसूर विद्यापीठ. सहा वर्षांत एवढे! १९३४ साली त्यांनी भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. स्वतंत्र भारताचा नियोजन आयोग १९५० चा, हे ध्यानात घ्यावे. भारतरत्न १९५५ साली मिळाले.

चरित्रलेख बहुधा येथेच थांबतात. पण १९१८ साली त्यांनी दिवाणपद सोडले, ते का? सरकारी नोकऱ्या ब्राह्मणांच्याच हाती एकवटल्या होत्या. मागासलेल्या समाजांना त्यांत वाटा हवा, ही मागणी जोर धरीत होती, आणि महाराज कृष्णराज वडियार तिला अनुकूल होते. विश्वेश्वरय्यांचे मत पडले की नेमणूक गुणवत्तेवरच व्हावी. शिक्षण पसरले की विषमता आपोआप निवळेल. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९१३ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत झाला होता, तेव्हा हा युक्तिवाद अप्रामाणिक म्हणता येत नाही. तरी मला तो पटत नाही. मुखाजवळच्या शेताची तहान भागली की पाणी आपोआप खाली उतरेल, असे कालव्यावर त्यांनी कधी मानले नव्हते. तेथे त्यांनी वाटा ठरवून दिला होता. न्यायमूर्ती मिलर यांच्या समितीनेही नोकऱ्यांच्या बाबतीत १९१९ च्या अहवालात तसाच वाटा सुचविला, आणि म्हैसूर सरकारने तो मान्य केला. तोवर विश्वेश्वरय्या पदावर राहिले नव्हते.