चांगला व्यवसायोपचारतज्ज्ञ कसा ओळखावा?

पक्षाघाताच्या झटक्यातून रुग्ण वाचतो; मात्र सदऱ्याची गुंडी लावणे, घास तोंडापर्यंत नेणे, एकट्याने शौचास जाणे त्यास जमेनासे होते. अशी हरपलेली दैनंदिन कामे पुन्हा साध्य करून देणारी उपचारशाखा म्हणजे व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी). येथे 'व्यवसाय' म्हणजे केवळ नोकरी-धंदा नव्हे. माणूस दिवसभरात करतो ते प्रत्येक अर्थपूर्ण काम होय. भारतात या शाखेचे शिक्षण कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केले.

मल्लेश्वरममधील एखाद्या आजोबांचे उदाहरण घेऊ. व्यंकोजीराजे भोसले यांनी सतराव्या शतकात बांधलेल्या काडू मल्लेश्वर मंदिरात नित्य दर्शनास जाण्याचा त्यांचा परिपाठ होता. आता उजवी बाजू लुळी पडली आहे. त्यांच्याकडून केवळ चेंडू दाबून घेणे पुरेसे नाही. चांगला तज्ज्ञ प्रथम विचारतो, "तुम्हांला पुन्हा काय करावयाचे आहे?" मग त्या इच्छेचे टप्पे पाडतो : पलंगावरून उठणे, कपडे घालणे, उंबरठा ओलांडणे, पायऱ्या चढणे.

तज्ज्ञाची निवड करताना पुढील बाबी पाहाव्यात :

1. पात्रता : मान्यताप्राप्त पदवी आणि नोंदणी यांविषयी निःसंकोच विचारावे. 2021 च्या केंद्रीय कायद्याने हा व्यवसाय नियमनाखाली आणला आहे.

2. घराचा विचार : न्हाणीघरातील निसरडी फरशी, आधारदांडी, पलंगाची उंची यांची तो चौकशी करतो.

3. संयम : रुग्णास जे जमते ते त्यालाच करू देतो आणि कुटुंबीयांनाही तेच शिकवतो.

4. भाषा : रुग्णास कन्नड येत नसेल, तर त्याला समजेल अशा भाषेत किंवा घरच्यांच्या साह्याने संवाद साधतो.

5. प्रामाणिकपणा : 'पूर्ण बरे करीन' अशी हमी देत नाही, ठरवलेल्या उद्दिष्टांचा वेळोवेळी आढावा घेतो.

दक्षता : रुग्णास उठवताना लुळा पडलेला हात कधीही ओढू नये, खांद्यास इजा होते.

रुग्णास घरी नेण्यापूर्वीच डॉक्टरांकडे व्यवसायोपचाराविषयी विचारणा करावी. आरंभीचे आठवडे मोलाचे असतात. प्रेमापोटी रुग्णाचे प्रत्येक काम आपणच करणे म्हणजे त्याचे स्वावलंबन हिरावून घेणे होय, हे कुटुंबीयांनी ध्यानी ठेवावे.