आजचा अभ्यास : दुकानदार प्रामाणिक का?

आजचा पाठ घरात सगळ्यांनी मिळून वाचावा. मुलांनाही बसवा, त्यांना लवकर समजेल.

इमॅन्युएल कान्ट हा जर्मन तत्त्वज्ञ. जन्म १७२४, प्रशियातलं कोनिग्सबर्ग शहर. वडील घोड्यांचे साज बनवणारे कारागीर. १७८५ साली त्याने नीतीवर एक छोटा ग्रंथ लिहिला, त्यात एक दुकानदार आहे. लहान मूल आलं तरी तो जास्त पैसे घेत नाही. सगळ्यांना एकच भाव.

हा माणूस चांगला ना? कान्ट म्हणतो, आधी कारण विचारा. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने तो प्रामाणिक असेल, तर वागणं बरोबर आहे, पण त्याला नैतिक मोल नाही. फायदा उलटला की तोही उलटेल. फसवणं योग्य नाही, एवढ्याचसाठी जो फसवत नाही, त्याच्या कृतीला खरं मोल.

मग योग्य काय, हे ओळखायचं कसं?

*पहिली कसोटी :* माझा नियम सगळ्यांचा झाला तर चालेल का? समजा, पैशांची नड आहे. परत देता येणार नाहीत हे ठाऊक असून "नक्की देतो" म्हणत उसने घेतले. सगळेच असं करू लागले, तर "देतो" या शब्दावर कोण विश्वास ठेवील? म्हणजे खोटं वचन देणारा फक्त स्वतःपुरती सूट मागत असतो.

*दुसरी कसोटी :* माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये. वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते.

एक गैरसमज मात्र नको. मायेने केलेलं काम वाईट, असं कान्ट म्हणत नाही. पण अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं करताना एखाद्या दिवशी माया आटते, चिडचिड होते. त्या दिवशीही जे हातून सुटत नाही, ते कर्तव्य.

लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त कान्टचाही विचार घेतला आहे. फळाकडे न पाहता कर्तव्य करणं, हे साम्य चटकन दिसतं. फरक असा, की कान्ट कर्तव्याचा पाया ईश्वरार्पणात शोधत नाही, माणसाच्या विवेकात शोधतो.

आज रात्री जेवताना एकमेकांना विचारा : आज मी जे चांगलं वागलो, ते कुणालाच कधी कळणार नसतं, तरी तसंच वागलो असतो का?

उत्तर ग्रुपवर टाकायची गरज नाही. स्वतःला दिलं तरी पुरे.